पुंजाजी जन्माला हजर होता

निंबखेडच्या वस्तीत एकाच दिवशी एकतीस माणसं जन्माला आली. त्यांतल्या चौघांना त्या दिवशी मिशा होत्या, एकीच्या कडेवर पोर होतं, आणि बुधाजीच्या सासूचे तर सगळे दात पडून दहा वर्षं झाली होती. तारीख, चौदा ऑक्टोबर एकोणीसशे छप्पन.

यात खोटं काही नाही, रेशन कार्डावर तसंच लिहिलेलं होतं. त्या दसऱ्याला बुधाजी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, तेव्हा त्याचा पोरगा पुंजाजी सात वर्षांचा, बापाच्या खांद्यावर बसलेला. गर्दी अशी की पोराला खाली उतरवलं असतं तर ते पुढच्या दसऱ्यालाच सापडलं असतं. पुढे चोवीस वर्षांनी शाळेचे मास्तर रेशन कार्डं लिहायला वस्तीत आले आणि जन्मतारखा विचारू लागले. कोणाला ठाऊक होत्या? कोणी म्हणे पटकीच्या सालातला, कोणी म्हणे म्हैस पुरात गेली त्या पोळ्याचा. शेवटी बुधाजी उठला.

"मास्तर, काय इचारत बसले? चौदा ऑक्टोबर छप्पन लिवा. साऱ्याईची. त्याच्या आंधी आमी जित्ते होतो असं कोन म्हन्ते?"

मास्तरांनी लिहिता हात थांबवला, बुधाजीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि एकतीस वेळा तीच तारीख लिहिली. बुधाजीची सून सुंदराबाई तेव्हा तान्ह्या शकुनला पदराखाली घेऊन दारात बसली होती. तिला कोणी काही विचारलं नाही. तिचीही तीच.

त्या कार्डावरून मतदार यादी झाली, यादीवरून आधार कार्ड. एकतीसातले एकोणतीस एकेक करून गेले, आणि कागदावर सगळेच तरणेताठे गेले. राहिले पुंजाजी आणि सुंदराबाई.

पुंजाजीने चाळीस वर्षं विहिरी खोदल्या. "अकोला जिल्ह्यात जेवढं पानी वर आलं, त्यातलं निम्मं माया सबलीनं आलं," असं तो सांगायचा. उरलेलं निम्मं कोणी काढलं ते सांगायचा नाही. डाव्या हाताची दोन बोटं सुरुंगाने नेली होती. गुडघे कुठल्याशा विहिरीच्या तळाशीच राहिले होते, वर आले ते नुसते पाय. आता बोअरची गाडी येते आणि चार तासांत भोक पाडून जाते, म्हाताऱ्याला कोण बोलावतो?

घर सुंदराबाईच्या हातावर चाललं होतं, आणि दोन हजार चौदाच्या त्या हिवाळ्यात तेही थांबत आलं. पावसाने दगा दिला होता. कपाशीची बोंडं सुपारीएवढी, तीही अर्धी मिटलेली, दोन वेचणीत पऱ्हाटी मोकळी. तिच्या बोटांना पहिल्यासारखा झपाटा राहिला नव्हता. एका संध्याकाळी मालकिणीने तिचं गाठोडं काट्याला लावायच्या आधी सगळ्या बायांसमोर ओट्यावर उलटं केलं. "काकू, कापूस आनला का पाला?" सुंदराबाई खाली बसून एकेक काडी वेचत राहिली. बाया गेल्या, उजेड गेला, ती वेचतच होती. दुसऱ्या दिवशी तिला बोलावणं आलं नाही.

धामणगावहून शकुनचा फोन आला. "बाबा, होयीच्या सणापर्यंत पायतो आमी. मंग येऊन दोघाईले घेऊन जातो. घराले कुलूप लावा."

जावई चांगला होता, हीच पंचाईत. वाईट असता तर नाही म्हणता आलं असतं. पण एकच खोली, खाटेवर त्याची आई. मागे पुंजाजी तिथे दोन रात्री राहिला, तेव्हा त्याचे पाय दाराबाहेर होते आणि गल्लीतलं कुत्रं ते हुंगून जात होतं. उरलेलं आयुष्य पाय बाहेर ठेवून काढायचं त्याच्या जिवावर आलं होतं. एकच सुटका होती, सरकारचा पगार. गावात निवृत्तीवेतन कोणी म्हणत नाही. ज्याला सुरू झालं त्याला पगार झाला असं म्हणतात, आणि पगार झालेला म्हातारा चावडीवर जरा ऐसपैस बसतो.

पुंजाजी तालुक्याला गेला. खिडकीतल्या बाबूने कार्ड पाहिलं.

"काका, श्रावणबाळ योजनेले पासष्ट लागतात. तुम्ही अठ्ठावन्नचे. सात वर्षांनी या."

"अठ्ठावन्न कसा होईन साहेब? मी माया जलमाले हजर होतो. बापाच्या खांद्यावर बसून पाह्यला."

बाबूने सुंदराबाईचं कार्ड उचललं. दोन्ही शेजारी धरली. "ही तुमची कोण?"

"बायको."

"नवरा-बायको जुळे?"

मागची रांग फुटून हसली. एक बाई पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळली. पुंजाजीनेही हसल्यासारखं केलं, कार्डं टोपीत ठेवली आणि टोपी डोक्यावर घट्ट ओढली.

कचेरीबाहेर निंबाखाली चंद्रभानचं टेबल होतं. टेबलावर टाइपराइटर. चंद्रभान अर्ज लिहून द्यायचा आणि माणसाच्या चेहऱ्यावरून कुठला अर्ज ते ओळखायचा.

"रस्ते दोन हायेत," तो म्हणाला. "एक सरळ. सरकारी दवाखान्यात डाक्टर वयाचा दाखला देते. त्याच्यासंगं बाँडपेपरवर प्रतिज्ञापत्र लावाचं, का कार्डावरची तारीख खोटी हाये."

"खोटी?"

"खोटीच ना बाप्पा."

पुंजाजी उभा राहिला. गुडघ्यांमुळे त्याला वेळ लागला, पण राहिला. "ते तारीख माया बापानं दिली. साऱ्या वस्तीले दिली. ते खोटी हाये म्हून मी सही करू? एकतीसातला मीच एक उरलो, तो याच्यासाठी?"

"बसा. मंग दुसरा रस्ता. तुमचा नाई, बायचा पगार. निराधार योजनेमंधी बायले एवढं वय लागत नाई. पन तिले नवऱ्यानं टाकलेलं पायजे."

"टाकली," पुंजाजी म्हणाला.

इतक्या लवकर म्हणाला की चंद्रभानने पेनाचं टोपणसुद्धा काढलं नव्हतं.

घरी सुंदराबाई सुपात तुरीची डाळ घेऊन खडे पाहत होती. त्याने सगळं सांगितलं. ती पाहतच राहिली, डाळीत.

"तारीख खोटी म्हनाले लाज वाटते तुमाले?"

"बापाची हाये वं ते."

"अन् मी कोनाची हावो?"

पुंजाजी चिडला. "कागदावरच तं टाकून राह्यलो! पंधरा दिवस रहीमभाईच्या दुकानात निजतो. तलाठीबाई चौकशीले येईन, तू म्हनजो नवरा दोन सालापासून दुसऱ्या बाईसंगं राह्यते. चंद्रभाननं असंच सांगतलं. दोन पंच सही करतीन. पगार झाला का मी वापस."

ती उठली. त्याची वाकळ घडी केली, सदरा ठेवला, तंबाखूची पुडी आठवणीने ठेवली, आणि गाठ मारून गाठोडं त्याच्यासमोर आणलं. इतक्या चटकन बांधलं, हे काही पुंजाजीला आवडलं नाही.

अब्दुल रहीमचं सायकलचं दुकान फाट्यावर होतं. दोघं लहानपणापासूनचे दोस्त. गाठोडं पाहून त्याने चाक फिरवायचं थांबवलं.

"क्या बात है, ना झगडा ना फसाद, सीधी जुदाई?"

सगळं ऐकल्यावर म्हणाला, "पंच म्हून सही करतो. तुयासाठी करतो. पन मले बोलाले लावू नोको. झूट बोललो का मले ठसका लागते. निकाहात काजीसाहेबाले वय कमी सांगतलं होतं, तं आठ दिवस खोकलत होतो. आमिना म्हने, दुल्हा बीमार दिया."

दुसरी पंच शेजारची पार्बताबाई. तिला फारसं समजवावं लागलं नाही. सुंदराला नवऱ्याचं सुख नाही, असं ती वीस वर्षं सगळ्यांना सांगतच होती.

पुंजाजी दुकानात ट्यूबांच्या ढिगाशेजारी निजू लागला. रबराचा वास नाकात, फाट्यावरच्या ट्रकांचा उजेड डोळ्यांवर. दिवसा तो हवा भरून द्यायचा आणि दर गाडीच्या आवाजाला मान वर करायचा. तलाठीबाई शुक्रवारी येणार होती. बुधवारी त्याला राहवलं नाही. दुपारी आडवाटेने, नाल्यातून वाकत तो घरी गेला. सुंदराबाईने काही न बोलता ताट वाढलं. ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत. स्वतःचंही वाढून घेतलं. त्याने दुसरा घास घेतला तोच अंगणात रहीमच्या सायकलची घंटी सुटली.

"पुंजाजी, भाग! बाई आजच आली! मले पंच म्हून बोलावलं, मांगंच हाये!"

भागायला गुडघे लागतात. पुंजाजी परसात गेला आणि दिसेल तिथे घुसला. भिंतीला तुराट्यांचा ढीग उभा रचलेला होता. त्यात तो पाठीने शिरला, भाकर हातातच. तुराट्या गालाला टोचत होत्या. फटीतून अंगण दिसत होतं.

स्कूटी थांबली. तलाठीबाई दीपमाला, पंचविशी-सव्विशीची, तोंडाला स्कार्फ, हातात फाइल. ती खाटेवर बसली. पार्बताबाई पदर सावरत आली. अब्दुल रहीम खांबाला टेकून उभा राहिला आणि आत्ताच घसा साफ करू लागला.

दीपमालाची नजर आत गेली. "दोन ताटं?"

सुंदराबाईने पार्बताबाईकडे पाहिलं.

"एक माहं हाये," पार्बताबाई म्हणाली. "माह्या घरी आज चूल नाई पेटली." आणि नुसतं म्हणून थांबली नाही, पुंजाजीच्या ताटावर जाऊन बसली आणि जेवू लागली. भरीत तीन घासांत संपलं. त्याला ते सगळं दिसत होतं.

"आजी, नवऱ्याने केव्हा सोडलं?"

"दोन साल झाले."

रहीम खोकला.

"त्यानंतर कधी आले नाहीत?"

"नाई."

रहीम वाकून खोकला. दीपमालाने त्याच्याकडे पाहिलं. "चाचा, पाणी घ्या."

"नहीं नहीं, बाई, धूल है," म्हणताना त्याला आणखी ठसका लागला.

तेवढ्यात पार्बताबाईची शेळी परसात आली. तिला भाकरीचा वास लागला. तिने तुराट्यांत तोंड खुपसलं आणि पुंजाजीच्या हातातली भाकर ओढू लागली. तो सोडेना, कारण हात हलवला तर ढीग हलतो. शेळीने मान झटकली. वरच्या चार तुराट्या घसरल्या. दीपमालाने तिकडे पाहिलं, पण दिसली ती शेळी. पुंजाजीने बोटं मोकळी केली. भाकर गेली.

"मारायचे का?" दीपमालाने लिहिता लिहिता विचारलं.

"नाई. कधी हात नाई लावला."

"दारू?"

"नाई."

"मग दुसरी बाई?"

पार्बताबाईला जेवता जेवता हसू फुटलं. "त्याले कोन बाप्पा..." आणि आपण पंच आहोत हे आठवून ती गप्प झाली. ढिगात पुंजाजीला राग आला. हीच तर सांगायची गोष्ट होती, आणि बायकोच्या तोंडातून ती निघत नव्हती. सुंदराबाई खाली पाहत होती.

"आजी, कारण लिहावं लागतं. कारण नसलं तर अर्ज तिथेच थांबतो."

सुंदराबाईने मान वर केली. चंद्रभानने पढवलेलं ती बोलणार म्हणून पुंजाजीने कान दिला.

"तो इहिरी खोदे, बाई. महिना महिना बाहीर. शकुन झाली तवा मी वावरातल्या निंदनातून एकटी चालत घरी आली, वाटेत दोनदा बसली. तो इहिरीत होता. मंग पोरगा झाला. तीन महिन्याचा होऊन गेला. मातीले आला, तिसऱ्या दिवशी वापस गेला. पानी लागाले आलं होतं म्हने. पानी लागलं. लोकाईनं त्याले शेला देला. त्या साली मी नाल्यातून पानी आनत होती, डोक्यावर."

दीपमालाने तोंडावरचा स्कार्फ खाली ओढला.

"म्या काई म्हनलं नाई. पोटासाठी जाते, म्हनलं. आता म्हातारपनी घडी आली. दोनातली एक गोष्ट सोडाची होती. बापानं देल्ली जलमतारीख सोड, नाईतं बायको सोड. एवढंच होतं. त्यानं इचारसुदिक केला नाई." तिने पदराने ओठ पुसले. डोळे कोरडेच होते. "लिवा बाई. टाकलेलीच हावो मी."

अब्दुल रहीमचा खोकला थांबला होता. तो किती वेळ थांबलाय हे पुंजाजीच्या लक्षात आलं.

दीपमालाचं पेन कागदावर सरकू लागलं.

पुंजाजी ढिगातून बाहेर आला. तुराट्या कोसळल्या, शेळी उधळली. केसांत पाला, गालावर ओरखडा, एक हात भरताने माखलेला. पार्बताबाईचा घास हातातच राहिला.

"मीच तो, बाई. टाकनारा."

"या अल्ला," रहीम म्हणाला.

दीपमालाने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. पेन बंद केलं नाही. "तुम्ही इथेच राहता?"

"आठ दिसापासून नाई. त्याच्या आंधी चौरेचाळीस साल."

"हे मी लिहिलं तर काय होईल ठाऊक आहे? खोटा अर्ज म्हणून दोघांची नावं जातील. पुन्हा कुठल्याच योजनेत घेणार नाहीत. पंचांवरही येईल."

विहिरीवरच्या मालकांशी पुंजाजी कधी हात जोडून बोलला नव्हता. बापाने शिकवलं नव्हतं. आता त्याने जोडले, माखलेला हात वरून.

"मायं नाव काप. तिचं नोको कापू. खोटं म्या सांगाले लावलं. ते जे बोलली ते खरं हाये."

दीपमालाने पान फाडलं, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये टाकलं.

"मी आज आलेच नाही. उद्या तालुक्याला जाऊन हा अर्ज मागे घ्या. दवाखान्यात वयाचा दाखला बुधवारी देतात, म्हणजे पुढच्या. समितीची बैठक त्याच गुरुवारी, दोनपर्यंत कागद घेतात. ती चुकली तर पावसाळ्यानंतर." स्कूटी सुरू करून तिने स्कार्फ बांधला. "आणि चाचा, तुम्ही पंच होऊ नका कोणाचे."

सगळे गेल्यावर सुंदराबाई ताटं उचलू लागली. पुंजाजी दारात उभा.

"आता काहून निघाले तुमी? मंजूर झालं असतं."

"सुंदरा, ते सारं..."

"पाला हाये डोक्यात." तिने त्याच्या केसांतली एक काडी काढली, दुसरी काढली. तिसरी काढली नाही. "भाकर कुठं हाये?"

"शेयीनं खाल्ली."

"मंग बसा उपाशी," ती म्हणाली, आणि तव्याखाली काड्या सारू लागली.

बुधवारी डॉक्टरने पुंजाजीचं तोंड उघडून दात मोजले, मनगटं दाबली, हाडांचा फोटो काढायला लावला. "सहासष्ट लिहितो," तो म्हणाला. "गुडघ्यांवरून लिहायचं तर ऐंशी लिहावे लागतील." सुंदराबाईचे पासष्ट लिहिले. ती बाहेर येऊन म्हणाली, "मले तोंड उघडाले लावलं बैलासारखं," आणि घरी पोचेपर्यंत तोंड उघडलं नाही.

गुरुवारी दोघं निंबाखाली. चंद्रभानच्या पुढे सातजण होते. पुंजाजीचा नंबर आला तेव्हा कचेरीच्या घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती. चंद्रभानने बाँडपेपर यंत्रात घातला, खडखड केली, ओढून काढला आणि वाचून दाखवला. मी पुंजाजी बुधाजी अमुक, राहणार निंबखेड, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझे वडील बुधाजी यांच्या अज्ञानामुळे माझी जन्मतारीख चुकीची नोंदवली गेली.

"करा सही. हे लागलं का काम झालं तुमचं."

पुंजाजीने पेन उचललं होतं. ते खाली ठेवलं. "अज्ञान काट."

"काय?"

"चुकीची लिवलं, ते ठीक हाये. चुकीची तं चुकीची. अज्ञान काट. माया बाप अज्ञानी नोता. साऱ्या निंबखेडात त्या दिवशी एकट्याले कळलं होतं, काय चाललं ते."

"आबा, हा ठरलेला मजकूर हाये. कारन लागते. चूक झाली तं कोनाच्या तरी अज्ञानानं झाली पायजे. त्याबिगर खिडकीवर घेत नाईत."

"मंग नाई करत सही."

"दीड होत आला, आबा!"

मागचे लोक कुरकुरू लागले. पुंजाजी पेनाकडे पाहत नव्हता, रस्त्याकडे पाहत होता. चंद्रभानने सुंदराबाईकडे पाहिलं. ती टेबलाच्या कडेला हात टेकून उभी होती.

"कोनाचं तरी लिवाच लागते ना?" तिने विचारलं.

"लागतेच, आजी."

"मंग ह्याईचं लिवा."

पुंजाजीने तिच्याकडे मान वळवली. ती त्याच्याकडे पाहत नव्हती, टाइपराइटरकडे पाहत होती, तव्यावरच्या भाकरीकडे पाहावं तशी. रांगेतलं कोणी खुसखुसलं. पुंजाजीने टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी पुन्हा घातली.

"लिव," तो म्हणाला. "माहं लिव."

"तुमी सात सालाचे होते म्हन्ता ना?"

"कार्डं लिवली तवा एकतीसचा होतो. मास्तरच्या पुढं बसलो होतो. बोललो नाई. लिव."

चंद्रभानने कागद परत यंत्रात घातला, बुधाजीच्या नावावर फुल्यांची ओळ मारली, आणि वर 'माझ्या स्वतःच्या' असं चढवलं. पुंजाजीने सही केली, एकेक अक्षर खणून काढल्यासारखी.

"आता तुमचा कागद, आजी. तुमच्या तारखेत अज्ञान कोनाचं? स्वतःचं टाकू?"

"माहं काहून? मले कुठं कोनी इचारलं होतं?"

चंद्रभानने घड्याळ पाहिलं आणि हात वर केले. "मंग कोनाचं?"

सुंदराबाईने तोंड उघडलं, पण त्याआधी पुंजाजी बोलला.

"तेही माहंच टाक."

यंत्र खडखडू लागलं. सुंदराबाई पुढे वाकली, अगदी कागदाशी तोंड नेऊन.

"ठसठशीत लिव, बाप्पा," ती म्हणाली. "साहेबाले साफ दिसलं पायजे."